वाघाची जांभई

दवाखाना बंद केल्यापासून आत्याबाईंनी कशाचीही चौकशी करणं सोडून दिलं होतं. उभा जन्म लोकांच्या दातांत डोकावण्यात गेला. मग हात थकले म्हणून त्यांनी रोग्यांची खुर्ची विकून टाकली आणि त्या घरात नुसत्या बसून राहिल्या. भाच्याने पुस्तकं आणली, रेडिओ आणला, मासे पाळून बघितले. आत्याबाईंना कशातच रस वाटेना. म्हणून एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्या "वाघाच्या दाढा कशा असतील रे?" म्हणाल्या, तेव्हा भाच्याला इतका आनंद झाला की त्याने ऑफिसला दांडी मारली आणि त्यांना थेट वन्यप्राणी उद्यानात नेलं.

"सुळे सगळेच बघतात," सफारीच्या बसमध्ये खिडकीशी बसत आत्याबाई म्हणाल्या. "दाढांकडे कुणी बघत नाही. त्या एकमेकींवर टेकतात की एकमेकींच्या बाजूने सरकतात, ते मला बघायचंय."

"पुस्तकात असेल की, आत्या."

"पुस्तकात बघून मी कधी कुणाचा दात काढला नाही."

खिडक्यांना जाड गज होते. जाडजूड, हसतमुख ड्रायव्हरने नियम सांगितले : आरडाओरडा नको, हात बाहेर नको, काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही. पहिल्याच वळणावर रस्त्यालगत झाडाखाली वाघ पसरलेला दिसला. ड्रायव्हरने बस थांबवली. पुढच्या बाकावरचं नवं जोडपं श्वास रोखून बघू लागलं, कॅमेरावाल्या काकांनी फोटोंचा सपाटा लावला. वाघाचं तोंड मात्र शिवल्यासारखं बंद.

"हा तोंड कधी उघडतो?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याच्या मनात आलं की," ड्रायव्हर म्हणाला. "जेवण झालंय त्याचं. आता फार तर जांभई देईल."

आत्याबाईंचे डोळे चमकले. "जांभई एकाची दुसऱ्याला लागते," त्या पुटपुटल्या. मग चेहरा खिडकीशी नेऊन, वाघाच्या डोळ्यांत डोळे घालून, त्यांनी एक ऐसपैस जांभई दिली.

वाघाने कान हलवला. जांभई भाच्याला आली.

"तू कशाला देतोस? त्याला देऊ दे," असं म्हणत आत्याबाईंनी दुसरी दिली. ती नव्या नवरीला लागली. तिच्याकडून नवऱ्याला, नवऱ्याकडून कॅमेरावाल्या काकांना, आणि बघता बघता बसभर आ वासले गेले. ड्रायव्हरने बस सुरू करून आरशात पाहिलं, तर मागे सगळीकडे टाळूच टाळू. बिचाऱ्याने आवरायचा प्रयत्न केला. त्यामुळे आली ती दुप्पट आली. डोळे मिटले, हात सैल पडले आणि बसचं पुढचं चाक रस्त्याकडेच्या चरात अलगद जाऊन बसलं.

बस कलंडली नाही, पण हलेनाही. आणि ड्रायव्हरचं तोंड मिटेना. जबडा उघडा तो उघडाच राहिला. त्याने घाबरून वायरलेस उचलला.

"आ... आ... आ..."

"काय? वाघ आत?" पलीकडून आवाज आला. "वाघ आत शिरलाय?"

"आआआ," ड्रायव्हर जिवाच्या आकांताने नाही म्हणाला.

भाच्याने वायरलेस हिसकावला. "वाघ आत नाहीये. तोंड मिटत नाहीये."

"वाघाचं?"

"ड्रायव्हरचं."

"ड्रायव्हरचं तोंड वाघाने..." पलीकडचा आवाज तुटला आणि उद्यानातला भोंगा वाजू लागला. त्या आवाजाने वाघ उठला, त्याने अंग ताणलं आणि भोंग्यापेक्षा बस बरी असं ठरवून तो बसच्या दिशेने चालत आला.

आत्याबाईंचं वाघाकडे लक्षच नव्हतं. त्या बाह्या सरसावाव्यात तशा थाटात उठल्या होत्या. "जबडा निखळलाय. याला खाली बसवा, डोकं बाकाला टेकवा." त्यांनी भाच्याचा आणि स्वतःचा रुमाल दोन अंगठ्यांना गुंडाळला, दरवाज्याकडे पाठ करून त्या ड्रायव्हरसमोर वाकल्या आणि अंगठे त्याच्या खालच्या दाढांवर ठेवले. अंगठे दाढांवर टेकले आणि थकलेले हात स्थिर झाले.

"आत्या," भाचा कुजबुजला.

"गप्प."

"आत्या, मागे..."

"सांगितलं ना, गप्प. माझा अंगठा तुटला तर तू देणारेस का?"

त्यांच्या पाठीमागे वाघाने पुढचे दोन्ही पंजे दरवाज्याच्या गजांना लावले, काचेपलीकडून आत काय चाललंय ते नीट निरखलं आणि भलीमोठी, निवांत जांभई दिली. नेमक्या त्याच क्षणी आत्याबाईंनी खाली दाबून मागे रेटा दिला. कट्ट. ड्रायव्हरचं तोंड मिटलं. वाघाचंही मिटलं. तो उतरला आणि गवतात निघून गेला.

"झालं," दोन्ही रुमाल एकमेकांना जोडून ड्रायव्हरची हनुवटी डोक्याशी बांधत आत्याबाई म्हणाल्या. "आज अजिबात बोलायचं नाही. अरे, तुम्ही सगळे पांढरेफटक का पडलात?"

भाच्याने सांगितलं. आत्याबाई मटकन बाकावर बसल्या.

"दाढा पाहिल्यास?"

"मी डोळे मिटले होते."

नव्या जोडप्याला फक्त सुळे आठवत होते. कॅमेरावाल्या काकांनी तर गडबडीत स्वतःच्या चपलांचा फोटो काढला होता.

ड्रायव्हरने हळूच आत्याबाईंच्या हाताला बोट लावलं. तो दरवाज्याकडे तोंड करून बसला होता. वाघाचं तोंड त्याच्याएवढं सरळ समोरून कुणीच पाहिलं नव्हतं.

"तुम्ही पाहिल्यात?" त्या पुढे सरकल्या. "टेकतात की सरकतात?"

ड्रायव्हरने दोन बोटांची कात्री करून दाखवली.

"बाजूने सरकतात," आत्याबाई हलकेच म्हणाल्या. "आणि वरच्या किती? रंग कसा? कीड होती का कुठे?"

एवढं सगळं बोटांनी कसं सांगायचं, ते ड्रायव्हरला कळेना. शेवटी राहवेना म्हणून रुमाल सैल करत त्याने बोलायला तोंड उघडलं. आत्याबाईंनी लगेच हनुवटीखाली हात लावून ते बंद केलं.

"उद्या सांगा," त्या म्हणाल्या. "मी पहिल्याच फेरीला येते."