रसायनशाळेतला बेपत्ता वारा

शहरात गुन्हे फार आणि अक्कल कमी. हा तोल आपण एकटे सांभाळून आहोत, असं नानासाहेब चिंचोलीकरांचं मत होतं. मत विसरलं जाऊ नये म्हणून त्यांनी कार्ड छापून घेतलं होतं. एका बाजूला 'रहस्यभेदक', दुसऱ्या बाजूला 'निवृत्त कार्यालय अधीक्षक, विज्ञान महाविद्यालय', आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, एक भिंग.

"माझं नाक असं आहे," ते सांगत, "की पैठणहून पाणी सोडलं की मला मुकुंदवाडीत वास येतो."

मुकुंदवाडीत पाणी आठ दिवसांनी येई. त्यामुळे हा दावा तपासून पाहायची संधी कुणाला फारशी मिळाली नव्हती.

नानासाहेबांचं सर्वांत गाजलेलं प्रकरण दुष्काळाच्या सालातलं. टँकरनं भरलेली कॉलेजची टाकी रोज दुपारपर्यंत रिकामी होई. तीन आठवडे तपास करून त्यांनी संस्कृतच्या सरांना पकडलं. टाकीच्या बुडाला भोक आहे हे चौथ्या आठवड्यात प्लंबरनं सांगितलं. पण तोवर सरांनी कबुलीजबाब दिलेला होता, म्हणून नानासाहेब ते प्रकरण यशस्वी धरत.

कोरोनाची दुसरी लाट ओसरून कॉलेज उघडलं, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना घरून बोलावून 'खेळती हवा समिती'चं प्रमुख केलं. मदतीला रसायनशाळेची सहायक अपेक्षा दिली. समितीला मिळालेलं यंत्र वाचता येणारी ती एकटीच होती, हे एक कारण. दुसरं कारण असं, की ती फार बोलत नसे, आणि नानासाहेबांना मदतनीस तसाच लागे.

यंत्र हाताच्या तळव्याएवढं होतं. माणसं श्वास सोडतात त्यातला कार्बन डायऑक्साइड ते मोजायचं. बाहेर मोकळ्यावर आकडा चारशेच्या आसपास. खोलीत हजाराच्या आत असला तर ठीक. त्याच्या वर गेला तर त्याचा अर्थ सरळ होता: खोलीतले लोक एकमेकांनी सोडलेला श्वास घेतायत, आणि त्यात एखाद्याचा विषाणू असला तर तोही वाटून घेतायत.

पहिल्या आठवड्यात रसायनशाळेचा आकडा साडेसहाशेवर राहिला. मग रविवारी समितीचं रीतसर उद्घाटन झालं, नारळ फुटला, पेढे वाटले, इमारतीच्या दर्शनी भागावर फ्लेक्स लागला, आणि सोमवारी दुपारी यंत्रानं सोळाशे दाखवले. मंगळवारी सतराशे.

शनिवारी विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती. आकडा हजाराच्या वर दिसला, तर रसायनशाळेला कुलूप आणि प्रात्यक्षिकं पुन्हा मोबाइलवर.

ह्याची सगळ्यांत जास्त धास्ती अंबिकाला होती. ती पिशोर गावची. गेलं वर्षभर तिनं रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घरच्या गच्चीवरच्या टाकीवर बसून केली होती, कारण रेंज तिथंच यायची. ब्युरेट म्हणजे काचेची आकडे कोरलेली लांब नळी. ती तिनं पडद्यावर पाहिली होती, हातात कधी धरली नव्हती.

"मॅडम, लॅब बंद नाय ना व्हणार?" मंगळवारी तिनं अपेक्षाला विचारलं. "बाबा म्हणले, मोबाइलवरच शिकायचं आसंल तर मुकुंदवाडीत खोली कशाला पायजे? कापूस येचता येचताबी शिकता येतंय. शनिवारी बंद झालं की न्यायला येतो म्हणले."

"बघू," अपेक्षा म्हणाली. जे माहीत नाही ते ती सांगत नसे.

नानासाहेबांना मात्र माहीत होतं.

"मॅडम, ही चोरी आहे," ते म्हणाले. "आठ दिवसांपूर्वी इथं वारा होता. आता नाही. मधल्या काळात तो कुणीतरी नेला."

रसायनशाळा पहिल्या मजल्यावर होती. एका अंगाला दार आणि व्हरांड्यातल्या खिडक्या, त्या सताड उघड्या. समोरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, रसायनांची उंच कपाटं, आणि कपाटांच्या वर छताजवळ झरोक्यांची रांग. झरोके धुरकट काचेचे. दोरी ओढली की आत कलते व्हायचे. त्यातल्या दोन झरोक्यांत हवा बाहेर फेकणारे पंखे बसवलेले. अपेक्षा रोज दोऱ्या ओढून झरोके उघडी, पंखे लावी आणि तसं वहीत लिही. वारा एका अंगानं यावा, दुसऱ्या अंगानं जावा, एवढीच योजना होती.

पहिला संशय शिपाई कडुबावर गेला. दुष्काळाच्या सालात शेजारी इमारती उठत होत्या आणि धुळीचे लोट येत होते, तेव्हापासून दिसेल ती खिडकी लावायची सवय त्याच्या हाताला होती. नानासाहेबांनी स्वतःच्या डोक्यावरचा एक केस, जो त्यांना परवडण्यासारखा नव्हता, व्हरांड्याच्या खिडकीला आडवा चिकटवला. खिडकी हलली की केस तुटणार.

बुधवारी सकाळी केस नव्हता.

"सापडला!" नानासाहेब म्हणाले. "कडुबा, बोल. खिडकी का लावलीस?"

"म्या हातबी नाय लावला, साहेब."

"मग केस कुठं गेला?"

"केस व्हय?" फरशी पुसणाऱ्या साळूबाईंनी मान वर केली. "त्यो म्या काढला. कचरा व्हता."

नानासाहेबांनी डायरीत लिहिलं: 'पुरावा नष्ट. साळूबाईंवर नजर ठेवणे.'

दुपारी त्यांनी दुसरा सिद्धांत मांडला. वारा नेलेला नाही. उलट कार्बन डायऑक्साइड आणून सोडलेला आहे. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर आम्ल टाकलं की तो निघतो, हे त्यांनी नातवाच्या पुस्तकात वाचलं होतं. रसायनशाळेत आम्ल होतं. शहाबादी फरशी तर पायाखालीच होती.

"म्हणजे मॅडम, हत्यार आणि दारूगोळा एकाच खोलीत! आम्लाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," अपेक्षा म्हणाली.

नानासाहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्याला दुसरा मदतनीस मिळणार नाही हे लक्षात येऊन त्यांनी सिद्धांत मागे घेतला.

गुरुवारी त्यांनी पाळत ठेवली. रसायनशाळा रिकामी करवली, दार ओढून घेतलं, खिडक्या लावल्या, आणि यंत्र ज्या टेबलावर होतं त्या टेबलाखाली दोन तास बसून राहिले. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर तेज.

"सव्वीसशे! खोलीत कुणी नाही, तरी सव्वीसशे! मॅडम, आरोपी अदृश्य आहे."

अपेक्षानं यंत्र पाहिलं. टेबलाखालची जागा पाहिली.

"नानासाहेब, तुम्ही तिथं बसून श्वास घेत होतात का?"

"कामावर असताना मी असल्या गोष्टींकडे लक्ष देत नाही."

अपेक्षानं वहीत लिहिलं: 'गुरुवार, सव्वीसशे, नानासाहेब.' मग ती आपल्या कामाला लागली, कारण तिच्यापुढे दुसरीच अडचण होती.

मुलींची अनुमापनं चुकत होती. चंबूत आम्ल घ्यायचं, त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, ब्युरेटमधून अल्कली थेंब थेंब सोडायची. पहिली फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. उत्तर दहा पूर्णांक दोन यायला हवं. सकाळच्या तुकडीचं ते येत होतं. दुपारच्या तुकडीतल्या बावीसही मुलींचं साडेअकराच्या पुढे. एक चुकली तर हात चुकला म्हणता येतं. बावीसजणी एकाच दिशेनं चुकल्या, तर चूक हातात नसते, हे अपेक्षाला ठाऊक होतं.

"अंबिका, थांबायला उशीर का होतोय तुला?"

"रंग दिसतच नाय, मॅडम. दिसतो तव्हा पार रानी कलर झालेला आसतो." अंबिकानं चंबू टेबलावरच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवला. "ही फरशीबी गुलाबीच दिसती बघा. दुपारच्याला समदंच गुलाबी दिसतंय."

"प्रेमात पडली असेल," नानासाहेब म्हणाले. "तपासाच्या कामाचं नाही."

अपेक्षानं कोऱ्या कागदाचा तुकडा टेबलावर ठेवला. कागद गुलाबी दिसत होता. तिनं वर पाहिलं. झरोक्यांच्या धुरकट काचा मावळतीच्या बाजूच्या, ऊन तिकडूनच येत होतं, आणि ते गुलाबी होतं. वरून अधूनमधून थप, थप असा आवाजही येत होता.

"हा आवाज कधीपासून येतोय?" तिनं विचारलं.

"कबुतरं," नानासाहेब ठामपणे म्हणाले. "तेही मी नोंदवलंय. पण ती साक्षीदार आहेत, आरोपी नाहीत."

अपेक्षानं शिडी मागवली. शिडी रंगारी घेऊन गेला होता. उद्या दुपारी आणून देईन म्हणाला.

शुक्रवारी दुपारी, शिडी यायच्या आधीच, नानासाहेबांनी सगळ्यांना रसायनशाळेत जमवलं. तपासाचा शेवट संशयितांना एका खोलीत उभं करूनच करायचा असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. लोक जमल्यामुळे आकडा एकोणीसशेवर गेला. त्याची त्यांनी दखल घेतली नाही.

"वारा नेणारा ह्याच खोलीत आहे," त्यांनी सुरुवात केली. "कडुबा, तुला खिडक्यांचा राग आहे. प्राध्यापक मोतीराम सर, तुम्ही रोज सकाळी ह्या व्हरांड्यात प्राणायाम करता. एक माणूस इतकी हवा घेतो कशाला?"

मोतीराम सरांनी आपल्याला घाम फुटत असल्याचं लपवलं. संस्कृतच्या सरांचं काय झालं होतं ते त्यांच्या लक्षात होतं.

"आणि साळूबाई! केस तुम्ही काढलात. आणि मी पाहतोय, सोमवारपासून मला बघितलं की तुम्ही पदर तोंडाला लावून हसता. काय लपवताय?"

"म्या काय लपवू, नानासाब," साळूबाई म्हणाल्या. "तुमचा गाल फुगतोय."

सगळ्यांच्या माना नानासाहेबांकडे वळल्या.

"काय फुगतंय?"

"गाल. त्या फ्लेक्सावरला. हितला पंखा लावला की फुगतो, बंद केला की बसतो. रस्त्यावरली पोरं बघत हुबी ऱ्हात्यात. म्या म्हणलं मुद्दामच तसा बनवलाय. हवेचं खातं हाय म्हणून."

अपेक्षानं वही मिटली. ती जिना उतरून रस्त्यावर गेली. तिच्यामागे सगळे गेले, कडुबा सोडून. त्याला तिनं पंख्याच्या बटणापाशी थांबवलं.

इमारतीच्या दर्शनी भागावर, गच्चीपासून पोर्चपर्यंत, गुलाबी रंगाचा फ्लेक्स ताणून बांधलेला होता. 'खेळती हवा, हाच दवा. खिडक्या उघड्या ठेवा.' खाली हात जोडलेले नानासाहेब, पुरुषभर उंचीच्या चेहऱ्याचे. वर कोपऱ्यात, पेढ्याएवढे, प्राचार्य. पाच दिवस सगळं कॉलेज त्याखालून ये-जा करत होतं आणि सगळ्यांनी तो वाचला होता. त्याच्या मागे रसायनशाळेचे सगळे झरोके आहेत, हे वाचण्यात येत नव्हतं.

"कडुबा, लाव!" अपेक्षानं आवाज दिला.

नानासाहेबांचा डावा गाल हळूहळू फुगला. मग उजवा.

"बंद कर!"

दोन्ही गाल बसले. फ्लेक्स भिंतीवर आपटला. थप, थप.

"कबुतरं," अपेक्षा म्हणाली.

नानासाहेबांनी स्वतःचे गाल चाचपले.

"हा घातपात आहे," ते म्हणाले. "फ्लेक्स तिथंच का बांधला? कुणी सांगितलं?"

"तुमीच, साहेब," कडुबा वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्याच्या टोकावरून ओरडला. "म्या म्हणलं बाजूच्या भिताडावर बांधू. तुमी म्हणले, तिथं मुकुंदवाडीच्या बाजूनं दिसत नाय."

"काढावा लागेल," अपेक्षा म्हणाली.

"अशक्य! उद्या समिती येणार. समितीनं बघण्यासारखं दुसरं काय आहे आपल्याकडे?"

"आकडा."

नानासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फाटकापाशी उभ्या असलेल्या अंबिकाकडे. तिच्या हातात फोन होता. तिचे वडील उद्याची एसटी किती वाजताची ते विचारत होते, आणि ती वर फ्लेक्सकडे बघत होती.

"भोकं पाडू का दोन?" कडुबानं वरूनच विचारलं. "पंख्यापुरती. दोन्ही गालावर येतील, पर हवा जाईल."

नानासाहेबांनी डोळे मिटले.

"सगळाच काढा," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी समिती आली. रसायनशाळेत बावीस मुली मास्क लावून काम करत होत्या. समितीतल्या बाईंनी यंत्र हातात घेतलं, पाच मिनिटं वाट पाहिली आणि सहाशे ऐंशी लिहून घेतले. झरोक्यांतून ऊन पांढरं येत होतं. पलीकडच्या टेबलावर अंबिकानं ब्युरेटची तोटी बंद केली. पांढऱ्या फरशीवरच्या चंबूत रंग आहे की नाही असं वाटावं इतकी फिकट छटा होती. तिनं आकडा दोनदा वाचला.

"धा पूर्णांक दोन, मॅडम."

"लिही," अपेक्षा म्हणाली.

वडील न्यायला आलेच होते. त्यांना अर्धा तास व्हरांड्यात बसवून अंबिकानं खिडकीतून ब्युरेट दाखवली. त्यांना ती फार नाजूक वाटली. "फोडू नको," म्हणाले, आणि एकटेच परत जायला निघाले. जाताना जिन्याखाली गुंडाळून ठेवलेल्या फ्लेक्सकडे त्यांची नजर गेली. त्यांनी कोपरा बोटांनी चोळून पाहिला.

"ह्यो टाकून देनार का? कापसावर घालाया चांगला हाय."

आठवड्यानं अंबिकानं निरोप आणला, की फ्लेक्स फार कामाचा निघाला. रात्रभर दव पडलं तरी खालचा कापूस कोरडा. वाऱ्याची एक झुळूक आत जात नाही.

नानासाहेबांनी हे समाधानानं ऐकलं आणि डायरीतलं शेवटचं पान भरलं:

'प्रकरण निकाली. वारा सुखरूप परत. आरोपी सध्या पिशोर इथं, कापसावर पालथा, स्थानबद्ध.'