चौदा नंबरची दिवंगत बहीण

नुसतं ‘हं’ म्हणून गप्प बसायला शिकण्यात बाईंचे चार महिने गेले होते. छत्तीस वर्षं शाळेत काढून, त्यातली नऊ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा समोरच्याचं वाक्य अर्ध्यातच पुरं करून द्यायची खोड त्यांच्या हाडीमाशी भिनली होती. आता त्या हॉस्पिटलातल्या ‘सोबती’ वर्गात शिकत होत्या. सोबत्यानं औषध द्यायचं नसतं आणि रुग्णाच्या गळी देवही उतरवायचा नसतो. खाटेशेजारी बसायचं आणि त्याची भीती, राग, श्रद्धा, जे असेल ते ऐकून घ्यायचं. सल्ला नाही, दुरुस्ती नाही, स्वतःचं रडगाणं नाही. मग घरी येऊन झालेलं सगळं बोलणं जसंच्या तसं लिहायचं आणि वर्गात वाचून दाखवायचं. याला शब्दशः अहवाल म्हणत. बाकीचे मग त्या अहवालाची साग्रसंगीत चिरफाड करत.

बाईंचे पहिले सातही अहवाल नापास झाले होते. एकात रुग्ण म्हणाला होता, “मला मरणाची भीती वाटते.” त्यावर बाई म्हणाल्या होत्या, “काही कारण नाही. तुम्हाला फक्त हर्निया आहे.”

“बाई, तुमचं बरोबरच होतं,” प्रशिक्षक आपल्या मऊ आवाजात म्हणाले होते. “पण बरोबर असायला तुम्हाला तिथं पाठवलं नव्हतं.”

आठवा अहवाल फसला की नाव कटणार होतं. आणि नाव कटून बाईंना चालणार नव्हतं. ‘समाजसेवा’ हे त्यांनी फॉर्मवर लिहिलेलं कारण होतं. खरं कारण त्यांची थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी भावजी गेले, त्या दिवशी माणसांनी भरलेल्या खोलीत बाई म्हणाल्या होत्या, “मी तेव्हाच सांगितलं होतं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.” ते खरं होतं. खरं असूनही त्यात काय बिघडलं, हे समजायला बाईंना सहा-सात वर्षं लागली. तोवर ताईंनी फोन उचलणं सोडलं होतं, पत्रं न फोडता परत येत होती आणि एकदा तर दार उघडून, बघून, पुन्हा लावून घेतलं होतं. गप्प बसायला शिकून मगच तिच्याकडे जायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

आठव्या अहवालासाठी मिळालेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, खाट क्रमांक चौदा.

“आजी जरा कडक आहेत,” परिचारिकेनं दारातच सांगून टाकलं. “कुकरची वाफ तोंडावर आली. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत, आठवडाभर. एकट्याच राहतात.”

खाटेवर ताई होत्या. रुग्ण नातेवाईक निघाला तर सोबत्यानं तिथूनच मागं फिरायचं आणि वर्गात कळवायचं, हा नियम त्यांना पाठ होता. छत्तीस वर्षं मुलांकडून नियम पाठ करून घेतलेल्या बाई पुढं होऊन स्टुलावर बसल्या.

“कोण?”

“सोबती,” बाई कुजबुजल्या.

“म्हणजे काय करता?”

“ऐकते.”

“फुकट?”

“हं.”

“बसा मग.”

पुढं चाळीस मिनिटं ताई बोलत होत्या. दूधवाला, वरच्या मजल्यावरचा गळका नळ, डॉक्टरांचे गार हात, एकटीचं घर, कुकरची शिट्टी. जगात कोणी सुटलं नाही. कुकरची रिंग झिजली तरी दोन वर्षं बदलली नव्हती, असं ताईंनी सांगितलं तेव्हा बाईंनी स्वतःचा ओठ दातांखाली धरला. आपला विषय निघतो का, एवढ्या एकाच गोष्टीची त्या वाट बघत होत्या. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी वर्गातली युक्ती वापरली. रुग्णाचंच वाक्य रुग्णाला परत द्यायचं.

“तुम्ही एकट्याच राहता.”

“एकटीच. नवरा गेला. एक धाकटी बहीण होती, तीही वारली.”

बाईंनी स्टुलाची कड घट्ट धरली. “वाईट वाटलं असेल,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“फारसं नाही,” ताई म्हणाल्या.

वर्गात हा अहवाल वाचून झाला तेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. चाळीस मिनिटांत बाई जेमतेम दहा-बारा शब्द बोलल्या होत्या आणि त्यात एकही सल्ला नव्हता. प्रशिक्षक खूश होते, पण समाधानी नव्हते.

“एवढ्या मोठ्या दुःखाचं दार उघडलं, बाई, आणि तुम्ही उंबऱ्यावरून परत फिरलात. गुरुवारी जा आणि विचारा, बहीण कशी गेली.”

“आजार काय होता तेही विचारा,” वर्गातला शिंपी म्हणाला. “माणसं आजाराबद्दल मोकळी बोलतात.”

बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर नाव कटणार, आणि चौदा नंबरचं स्टूलही जाणार. त्यांनी तोंड मिटलं. चार महिन्यांच्या शिकवणीचा हा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

गुरुवारी त्या स्वतःच्या मरणाची चौकशी करायला गेल्या.

“तुमच्या बहीण... कशा गेल्या?”

“बोलता बोलता.”

“हं. आजार काय होता?”

“आपलंच बरोबर असतं, हा. लहानपणापासून होता. औषध नाही त्याला.”

“त्रास झाला असेल.”

“तिला कसला? आम्हाला झाला.” पट्ट्यांखाली त्यांचा चेहरा कसा झाला होता ते बाईंना दिसत नव्हतं. “माझा माणूस खाली चटईवर होता. मी त्याच्या पायाशी बसले होते, खोलीभर माणसं, पण हात धरायला कोणी नव्हतं. ही आली. मला वाटलं, आता शेजारी बसेल. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, माझं कुठं चुकलं ते. त्या दिवशी गेली ती.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज न करता रडायचं, हेही त्या वर्गातच शिकल्या होत्या. शेवटचा प्रश्न प्रशिक्षकांनी ठरवून दिलेला होता.

“त्या आत्ता समोर असत्या, तर काय म्हणाला असता?”

“मी कशाला काय म्हणू? ती काय म्हणते, त्याची वाट बघितली असती.”

ताई खरंच वाट बघत असल्यासारख्या गप्प होत्या. बाईंच्या ओठांवर अकरा वर्षांचं सगळं आलं. आणि चार महिन्यांची घोकंपट्टी आडवी आली. स्वतःचं काही सांगायचं नाही.

“हं,” बाई म्हणाल्या.

ताईंनी कूस बदलली आणि पाठ केली.

वर्गात या ‘हं’चं फार कौतुक झालं. “शांतता कशी वापरावी, याचा हा नमुना आहे,” प्रशिक्षक म्हणाले आणि बाईंचा कागद भिंतीवर लावला. बाई पास झाल्या. रविवारी प्रमाणपत्र मिळणार होतं. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. आयुष्यात एकदाच बोलायची वेळ आली होती आणि तेव्हाच त्यांनी शहाण्या विद्यार्थिनीसारखं तोंड बंद ठेवलं होतं.

शनिवारी ताईंना घरी सोडणार होते. बाई पोचल्या तेव्हा पट्ट्या निघाल्या होत्या आणि परिचारिका फॉर्म घेऊन खाटेशी उभी होती. ताईंनी लालसर डोळ्यांनी बाईंकडं पाहिलं. दचकल्या नाहीत, की तोंड फिरवलं नाही. स्टुलावर कोण बसतंय ते पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं, हे बाईंना तेव्हा कळलं.

“घरी न्यायला नातेवाईकाची सही लागेल,” परिचारिका म्हणाली.

“मी करते,” बाई म्हणाल्या.

“सोबत्याची नाही चालत हो. नात्यातलं, निदान ओळखीचं माणूस लागतं.”

बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. “मी यांची धाकटी बहीण.”

“त्या वारल्या ना? तुमचाच अहवाल भिंतीवर लावलाय.” परिचारिकेनं गोंधळून ताईंकडं पाहिलं. “आजी, या कोण तुमच्या?”

ताई उत्तर देईनात. त्या बाईंकडं बघत राहिल्या, आणि या खेपेला बाईंनी संधी सोडली नाही.

“ताई, माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. आवाज कुजबुजता नव्हता. “मी तुझ्याशेजारी बसायला हवं होतं. तसं बोलायला नको होतं मी त्या दिवशी.”

ताईंच्या कपाळावरची आठी विरत गेली. ओठ हलले. त्या काहीतरी म्हणणार, एवढ्यात बाईंनी आपलंच वाक्य पुरं केलं.

“ते खरं असलं तरी.”

ताईंनी डोळे मिटले. मग त्या परिचारिकेला म्हणाल्या, “ओळखीच्या आहेत, असं लिहा.”

परिचारिकेनं तसं लिहिलं. बाईंनी खाली सही केली आणि ताईंची पिशवी उचलली.