प्रेमकथेतला इन्स्पेक्टर

वाचनालयाच्या जिन्याजवळचा फळा दर सोमवारी एका निवृत्त मोजणीदारांच्या ताब्यात असे. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता ते कथा-कादंबऱ्या मोजत आणि दोन ओळींत निकाल लावत. त्या सोमवारी त्यांनी लिहिलं होतं:

‘भयकथा: भूत बरं आहे, घरमालक असह्य. रहस्यकथा: खुनी आपल्याला तिसऱ्या पानावर कळतो, पोलिसांना तीनशेव्या. विज्ञानकथा: मंगळावरही माणसं इतकी बोलणार असतील तर जायचं कशाला? प्रेमकथा: शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर येऊन नायिकेच्या बापाला पकडून नेतो. का, हे लेखिकेलाही ठाऊक नसावं.’

दुपारी दातांचे डॉक्टर एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून तिथे येऊन थडकले. प्रेमकथा त्यांच्या पत्नीची होती.

“माझ्या बायकोच्या पुस्तकात इन्स्पेक्टर? हे आधी पुसा आणि लेखी माफी मागा.”

ग्रंथपालबाईंना भांडण म्हटलं की घाम फुटे. ही प्रेमकथा आणि ती रहस्यकथा एकाच दिवशी बाइंडिंगहून आल्याचं त्यांना आठवलं, आणि बाइंडरने पानांची अदलाबदल केली असं त्यांनी ठरवूनही टाकलं. पुस्तक पुरावा म्हणून कपाटात कुलूपबंद झालं, फळा पुसला गेला आणि माफी येईपर्यंत मोजणीदारांचा सोमवार बंद. मोजणीदारांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक उघडून बघा म्हणावं, तर पुराव्याला हात लावायचा नाही. तीन वर्षं इमानाने वाचणाऱ्या माणसाला वाचता येत नाही असं ठरलं होतं. घरात त्यांचं मत भाजीच्या बाबतीतही कुणी विचारत नसे. फळा गेला तर उरलं काय?

चौथ्या दिवशी बाइंडर आला, तोही पेटलेलाच. त्याने कुलूप काढायला लावलं आणि पुस्तक सगळ्यांसमोर टेबलावर उलगडलं.

“पुठ्ठा तेवढा माझा. शिलाई छापखान्याची आहे, एक पान हललेलं नाही. इन्स्पेक्टर दोनशे बाराव्या पानावर आहे आणि तो लेखिकाबाईंनीच आणलाय.”

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. कादंबरी आपण वाचली असेलच ना, असं ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं. एकाच घरात राहतो, वाचायची काय गरज, असं डॉक्टर पुटपुटले आणि निघाले. मोजणीदारांना खडू परत मिळाला. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

जिन्यात डॉक्टरांनी मोजणीदारांना गाठलं. पत्नीच्या आणखी सहा कादंबऱ्या होत्या, आणि या प्रकारानंतर ती आज ना उद्या त्यांच्याबद्दल विचारणार होती. तेव्हा प्रत्येकीवर दोन ओळी मिळतील का? मोजणीदारांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पण आपलं मत मागायला कुणी आपणहून आलं, हा प्रसंग त्यांच्यासाठी नवा होता. त्यांनी सहाही कादंबऱ्या नेल्या आणि पंधरा दिवसांनी कागद लिहून दिला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर लालबुंद होऊन परत आले.

“जेवताना सगळं पाठ म्हणून दाखवलं. तिने पहिल्या ओळीलाच ओळखलं. फळ्यावाल्यांचं आहे म्हणाली.”

“रागावल्या?”

“रविवारी तुम्हाला जेवायला बोलावलंय. सातही कादंबऱ्या शेवटपर्यंत वाचलेला माणूस तिला बघायचाय.”

मोजणीदारांनी उगाचच कॉलर सरळ केली. मग ते म्हणाले, “तुम्ही असालच ना?”

“मला बाहेर जेवून यायला सांगितलंय.”