शेंदराखालची अक्षरं

एकोणीसशे एकोणनव्वद साली साजगावच्या एका कारखान्यात रंगीत काचेचा संगणक आला आणि कामगारांच्या रजा साहेबांच्या हातून सुटून त्याच्या ताब्यात गेल्या. अर्ज पोपट कारकुनाने यंत्रात घालायचा. मग काचेच्या मधोमध एक चौकट उघडायची आणि तिच्यात तांबड्या अक्षरांत ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ उमटायचं. माणसाला नाही म्हणण्याची पाळी माणसावर येऊ नये, एवढाच यामागे उदात्त हेतू होता.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. ती करायचा मान फाटकावरच्या चांगोचा, आणि चांगोचा हात पहिल्यापासून सढळ. तेलात कालवलेला शेंदूर त्याने संगणकाच्या काचेवर, बरोब्बर मधोमध, असा काही थापला की मॅनेजरसाहेबांनीसुद्धा बूट काढून हात जोडले. पूजेचा शेंदूर पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसायचा नाही, ही कारखान्याची रीत. त्या दिवसापासून कुणाला रजा मिळाली नाही. उत्पादन वाढलं, म्हणून वरून कुणी विचारलंही नाही.

तुळशीचं लग्न उरकलं आणि कोंडाण्याला, चांगोच्या गावी, त्याच्या शकूचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. कन्यादान बापाने नाही करायचं तर काय शेजाऱ्याने? चांगोने अर्ज दिला, पोपटने यंत्रात घातला, चौकट उघडली आणि उत्तर शेंदराखाली गेलं. पोपट म्हणाला, तूच लावलास, तूच पूस.

“पोरीच्या लग्नाच्या तोंडावर देवाचा शेंदूर पुसू? नाय रं बाबा,” चांगो म्हणाला.

प्रकरण मॅनेजरसाहेबांकडे गेलं. त्यांनी समिती नेमली आणि दोष अक्षरांच्या रंगात असल्याचं निष्पन्न झालं. रंग बदलायची सोय यंत्रात होतीच. अक्षरं हिरवी केली. ती दिसली नाहीत, पण एका युनियनने त्याविरुद्ध घोषणा दिल्या. भगवी केली, तर दुसरी फाटकात ठाण मांडून बसली. पिवळी केली, तर दोघींनाही आपल्याला डावलल्यासारखं वाटलं. शेवटी साहेबांनी कुणाचाच नसलेला रंग निवडला, पांढरा. चौकटही आतून पांढरीच होती, पण ती बाब समितीच्या कक्षेत येत नव्हती. परिपत्रक निघालं की अक्षरांचा प्रश्न कायमचा सुटला आहे. ज्यांना ती दिसत नसतील, ते कामास अपात्र समजले जातील. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना शेंदरातूनही स्वच्छ दिसू लागलं.

लग्न उद्यावर आलं. शकूला हळद लागली, आतातरी या, असा बायकोचा, येसूबाईचा, निरोप आला. चांगो कार्यालयात शिरला, काचेसमोर कान पकडले आणि टॉवेलच्या टोकाने सगळा शेंदूर पुसून काढला. खाली पांढरीफटक चौकट, बाकी काही नाही. त्याला रडूच कोसळलं. एवढं पाप केलं आणि हाती हे! तेवढ्यात मागून साहेब आले.

“काय लिहिलंय रे?” त्यांनी विचारलं.

चांगोने डोळे पुसले. चौकटीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “मंजूर लिवलंय, सायेब. चार दिस.”

साहेबांनी बराच वेळ चौकटीत डोकं घातलं आणि मान डोलावली. दिसत नाही म्हणायची सोय त्यांनी स्वतःलाही ठेवली नव्हती.

लग्न झोकात झालं. कन्यादानाला चांगो हुंदके देऊन रडला आणि वरातीत घाम फुटेस्तोवर नाचला. लाडवांचा डबा घेऊन तो कामावर परतला, तोवर सगळे वाचायला शिकले होते. पोपटने स्वतःची बढती वाचली होती, फोरमनने कंपनीची खोली. लाडू खाऊन झाल्यावर साहेबांनी चांगोला काचेसमोर उभं केलं.

“पूजेचा शेंदूर पुसल्याबद्दल तुला कामावरून काढल्याचं लिहिलंय. दिसतंय ना?”

दिसतंय म्हणावं तर नोकरी गेली. नाही म्हणावं तर अपात्र ठरून गेलीच. चांगोने पोपटकडे पाहिलं. पोपटने मिशीला लागलेला लाडू झटकला आणि म्हणाला, “दिसतंय की. ठळक दिसतंय.” मग सगळ्यांनाच दिसलं.

या गोष्टीचं तात्पर्य याखाली पांढऱ्या शाईत छापलं आहे. ज्या वाचकांना ते दिसणार नाही, त्यांनी आपली नावं कळवावीत. आजवर एकही नाव आलेलं नाही.