मस्तगडातले माओरी

देविदासरावांच्या घरी गेलं की लगेच बसायचं नाही. पलंग रिकामा दिसो, सतरंजी रिकामी दिसो, आधी विचारायचं, "इथं कुणी आहे का?" हा धडा मला पहिल्याच भेटीत मिळाला. मी ऐसपैस पलंगावर टेकलो आणि देविदासराव किंचाळले, "उठा, उठा! अख्खी पलटण दाबली तुम्ही!"

मी ताडकन उठलो. चादरीच्या सुरकुत्यांत लाल कोटातले, बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई आडवेतिडवे पडले होते. एकाची बंदूक माझ्या पँटीला अडकल्यामुळं तो माझ्याबरोबरच उभा राहिला होता.

"कोण हे?" मी विचारलं.

"इंग्रज."

"मंग मेले तर मरू द्या की."

"मरू द्या?" देविदासरावांनी माझ्या पँटीवरून शिपाई अलगद सोडवला. "इंग्रज मेल्यावर माओरींनी लढायचं कुणासंगं? तुमच्यासंगं?"

आम्ही दोघं जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत होतो. मी ऑफिसात बसून बिलं तपासायचो आणि देविदासराव मोटरसायकलवर गावोगाव हिंडून बियाण्यांचे प्लॉट बघायचे. जालना नुकताच जिल्हा झाला होता, त्या सुमारास न्यूझीलंडहून एक गोरा पाहुणा कंपनी बघायला आला. इंग्रजी बोलायची वेळ आली की आमचे सगळे साहेब एकाएकी कामात बुडून जात, म्हणून त्याला देविदासरावांच्या मागं गाडीवर बसवून दिलं. आष्टीच्या एका शेतकऱ्यानं त्याला प्रेमानं ठेचा-भाकर वाढली, त्यानं ती प्रेमानं खाल्ली, आणि पुढचे दोन दिवस तो जालन्यातल्या मस्तगड भागात देविदासरावांच्या घरी ताकभातावर पडून राहिला. वैनींनी त्याचं पोटच्या लेकरासारखं केलं. निघताना पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते उपकाराचं होतं की ठेच्याचं, यावर ऑफिसात दोन तट पडले.

काही महिन्यांनी न्यूझीलंडहून देविदासरावांच्या नावानं पार्सल आलं. मालकांना वाटलं, नक्कीच एखादं नवं वाण असणार. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं, बाहेर ब्र काढायचा नाही अशी आम्हाला ताकीद दिली आणि स्वतःच्या हातानं दोरा कापला. आत निघाले शिपाई. निम्मे लाल कोटवाले आणि निम्मे तोंडभर गोंदलेले, खांद्यावर पिसांची झूल पांघरलेले. मालकांनी एक शिपाई उलटा करून त्याच्या बुडाशी कुठं बी चिकटवलंय का, तेही पाहून घेतलं.

झालं होतं असं की, पाहुण्याला शिपाई ओतायचा छंद होता. ते गोंदलेले म्हणजे माओरी, तिथले मूळचे लोक. इंग्रज त्यांच्या जमिनी बळकावायला निघाले, तेव्हा ते बंदुका घेऊन वर्षानुवर्षं लढले. ही हकिकत सांगणारं एक चोपडं पार्सलात होतं. देविदासरावांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन ते वाचलं, आणि त्या दिवसापासून माणूस हातचा गेला. पाहुणा दरवर्षी नवं पार्सल पाठवायचा, आणि दरवर्षी घरातली बसायची जागा कमी व्हायची.

मग सगळ्या जगाचे दोनच भाग झाले. सुटे पैसे न मागता परत देणारा कंडक्टर "माओरी माणूस", आणि रजेचा अर्ज दाबून ठेवणारे आमचे हेडक्लार्क "बिलकुल इंग्रज". एका पंधरा ऑगस्टला ऑफिससमोर झेंडावंदन झालं, पेढे वाटायला सुरुवात झाली, आणि देविदासराव खांबाला हात लावून मोठ्यानं म्हणाले, "असाच खांब हो! चार येळा तोडला!" हेडक्लार्कांच्या घशात पेढा अडकला. इंग्रजांनी उभारलेला झेंड्याचा खांब माओरींनी पुन्हा पुन्हा तोडला, असं ते सांगत होते. पण हे समजावून सांगेपर्यंत हेडक्लार्कांना पाण्याचा तिसरा ग्लास लागला होता.

माओरींचा किल्ला त्यांनी एका पाटावर माती थापून, तीत कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या रोवून केला होता. बाहेरून बारदानाचे तुकडे लावलेले. खरे माओरी म्हणे तटाला गवताच्या जाड चटया बांधत, म्हणजे गोळी त्यात रुतून बसते. आत चिखलाचे खंदक, आणि मागच्या बाजूला एक फट.

"ही फट कामून ठेवली?" मी विचारलं.

"निसटायला. माओरी मरायसाठी लढत न्हाई. उद्या परत लढता यावं म्हणून लढतो. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायची सोयच नसे.

अडचण एकच होती. इंग्रज व्हायला कुणी तयार होईना. मी साफ नाही म्हणालो. देविदासरावांनी मला पटवायचा प्रयत्न केला, "अहो, आपलं भांडण निजामाशी होतं. इंग्रज पुण्यामुंबईवाल्यांचा दुश्मन. तुम्हाला काय अडचण हाय?" तरी माझं मन होईना. शेजारचे टेलर करीमभाई एकदा भिडेखातर बसले आणि अर्ध्या लढाईत फितूर होऊन माओरींना जाऊन मिळाले.

शेवटी इंग्रजांची बाजू घेतली वैशालीनं. वैशाली म्हणजे देविदासरावांची एकुलती लेक, तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. तिला लाल कोट आवडले, एवढंच कारण. दर रविवारी सकाळी बापलेक पलंगाच्या दोन बाजूंना बसायचे, कवड्या टाकायचे आणि पडेल तेवढं दान शिपाई पुढं सरकवायचे. सुरुवातीला पोरगी हरली की रडायची. मग ती हरेनाशी झाली. मॅट्रिकला जाईपर्यंत तिनं बापाचे किल्ले असे काही धुळीला मिळवले की देविदासराव सोमवारी ऑफिसात पडक्या चेहऱ्यानं यायचे आणि कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायचे, "तोफा मागून आणल्या हो तिनं! मागून!"

पुढची पार्सलं बिनरंगाची यायला लागली, तेव्हा रंगाचं कामही तिनंच घेतलं. कोट, पट्टे, बंदुका देविदासरावही रंगवत. पण माओरींच्या गालावरचं ते नक्षीदार गोंदण फक्त वैशालीच काढायची. ब्रशाचे केस कापून दोनचारच ठेवायची आणि श्वास रोखून एकेक वळसा ओढायची. त्या वेळी घरात कुकरनंही शिट्टी दिलेली देविदासरावांना चालत नसे.

पोरगी लग्नाची झाली आणि खरी लढाई सुरू झाली. पाहुणे मुलगी बघायला यायचे, ते थेट रणांगणातच. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं, "मुलीला काय काय येतं?" वैनी तोंड उघडायच्या आत देविदासराव म्हणाले, "सैपाक समदा येतो, पण तोफखान्यात तिचा हात धरणारं मराठवाड्यात कुणी न्हाई." पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले. दुसऱ्या वेळी मुलाचे मामा पलंगावर बसायला गेले आणि किंकाळी ऐकून जमिनीवरच बसले. तिसरं स्थळ तर दारातूनच परतलं.

वैनी माझ्यासमोर कडाडल्या, "भावजी, सांगा ह्यांना. मुद्दाम करून राह्यले हे! लेकीला घरात ठेवायचं का जल्मभर?"

देविदासराव एका इंग्रजाच्या टोपीवरची धूळ फुंकत बसले. वैनींचं बरोबर आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग घनसावंगीचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, शांत, चष्मेवाला. देविदासरावांनी त्या दिवशी मुद्दाम जास्तीचे शिपाई मांडले होते. मुलानं चपला काढल्या, पलंगाकडं पाहिलं आणि उभ्यानंच विचारलं, "हितं बसलं तर चालंल, का कुणी हाय?"

देविदासरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलगा वाकून किल्ला बघत होता. "तट पऱ्हाटीचा व्हय? भारी! पण ही मागची फट... निसटायला ठेवली आसंल."

आतून बांगड्या वाजल्या आणि पोह्यांची बशी घेऊन वैशाली न बोलावताच बाहेर आली. पुढं विचारण्यासारखं काही राहिलंच नाही. पाहुण्यांना बसस्टँडवर सोडून येताना देविदासराव मला म्हणाले, "पोरगं चांगलं निघालं हो. आता काय करावं?" त्यांच्या आवाजात एवढी निराशा मी पहिल्यांदाच ऐकली.

लग्न दणक्यात झालं. रुखवत मांडायचं म्हणजे मुलीच्या हातची कला मांडायची, असा रिवाज. वैशाली म्हणाली, माझ्या हातची कला हीच. त्यामुळं शेवया, सांडगे, कुरडया आणि लोकरीच्या तोरणाच्या मधोमध न्यूझीलंडची अख्खी लढाई उभी राहिली. घनसावंगीच्या बायकांनी रांग लावली. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी "कोणते देव म्हणावे बाई हे?" असं पुटपुटत दोन्ही सैन्यांना हळदीकुंकू वाहिलं, आणि कुणाचा कोप नको म्हणून मधोमध सुपारी ठेवली. देविदासराव रुखवतापाशी पहारा देत उभे. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्यांना ओढून न्यावं लागलं.

पण रुखवत नवरीबरोबर सासरी जातं, हे त्या माणसाच्या ध्यानातच नव्हतं. पाठवणीच्या वेळी मुलाकडची पोरं भराभरा सगळं टेम्पोत चढवायला लागली. देविदासराव बघत उभे राहिले. मागायचं कसं? दिलेलं रुखवत कुणी परत मागतं का? सगळ्या बायका वैशालीच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि बापाचे डोळे टेम्पोकडं लागलेले पाहून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते.

वैशाली गाडीतून उतरली. शालू सावरत टेम्पोत चढली, खोके उघडले आणि तिथंच सैन्य वाटायला बसली. वऱ्हाड ताटकळलं. थोड्या वेळानं एक खोका बापाच्या हातात देत म्हणाली, "बाबा, इंग्रज मी घेऊन चालले. माओरी तुमचे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." मग मात्र देविदासराव खोका छातीशी धरून असे रडले की हसणारे लोक गप्प झाले.

त्यानंतर रविवार मोडला. पलंग रिकामा झाला, कुणीही न विचारता बसू लागलं. मात्र माओरींची तब्येत फार नाजूक झाली. दर पंधरवड्याला कुणाच्या तरी गालावरचं गोंदण उडायचं. मग देविदासराव त्या जखमीला रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे आणि जीप पकडून घनसावंगीला जायचे. गोंदण वैशालीशिवाय कोण काढणार? मी एकदा थट्टा केली, "शिसं हलकं दिसतंय यंदाचं." ते म्हणाले, "हवा दमट झाली." जालन्यात! जिथं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही!

एका शनिवारी दुपारी मी सहज त्यांच्याकडं गेलो. दार उघडं होतं, वैनी शेजारी शेवया करायला गेल्या होत्या. देविदासराव खिडकीशी पाठमोरे बसले होते. डाव्या हातात एक माओरी, उजव्या हातात दाढीचं अर्धं ब्लेड. त्याच्या गालावरचं गोंदण ते अगदी हलक्या हातानं खरवडत होते.

"देविदासराव, हे काय करून राह्यले?"

ते दचकले. ब्लेड लपवायला गेले, पण लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"लेकीच्या सासरी बापानं कारणाबिगर जाऊ न्हाई," ते म्हणाले. "लोक नावं ठेवतात. हे घेऊन गेलं की कुणी काही म्हणत न्हाई. तिची सासूच हाळी देती, वैशाली, रंगाचा डबा काढ. मंग ती समोर बसून रंगवती. तेवढा येळ बघत बसतो." त्यांनी नाक पुसलं. "घरात करमत न्हाई हो."

मी त्यांच्या हातातला माओरी घेऊन उजेडात धरला. एकच गाल खरवडला होता.

"एवढ्याला तर ती चहा उकळायच्या आत रंग देऊन मोकळी व्हईल," मी म्हणालो. "दुसराबी काढा."

देविदासरावांनी माझ्याकडं पाहिलं. "बराबर," ते म्हणाले, आणि ब्लेड दुसऱ्या गालाला लावलं.

मी खोक्यातून आणखी एक माओरी काढून त्यांच्यापुढं ठेवला.