पुन्हा वापरण्यायोग्य रोबोट

जी वस्तू पुन्हा पुन्हा वापरायची असते, ती पहिल्या वापरात फार जपावी लागते. आणि जपायचंच म्हटलं, तर पहिला वापर टाळलेला बरा. साखरा गावाजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक हरीश सर यांनी हे सत्य शिक्षणात आणलं.

शाळेला संगणकशास्त्र शिकवण्यासाठी रोबोट आला. खोक्यावर ‘पुन्हा वापरण्यायोग्य शैक्षणिक साहित्य’ असं छापलेलं होतं. सरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला (पाणी उडू नये म्हणून शेजारच्या वर्गात), प्लास्टिकसकट कपाटात ठेवला आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली.

करुणा मॅडम वसमतला जाऊन रोबोटचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. सातवीतली आकांक्षा त्यांना रोज विचारायची, “मॅडम, आमी हात कवा लावायचा?” सातवीनंतर ही शाळाच संपत होती, तेव्हा घाई रास्त होती. मॅडमनी किल्ली मागितली. सर मायेनं म्हणाले, “या पोरायनं हाताळला, तर पुढच्या लेकरायला काय राहील?” (पुढच्यांनाही हेच उत्तर ठरलेलं होतं. धोरणात सातत्य लागतं.)

मग मॅडमनी लेकरांनाच रोबोट केलं. एक जण मैदानात उभा राही, बाकीचे फळ्यावर आज्ञा लिहीत: दोन पावलं पुढं, डावीकडं वळ, भिंत आली की थांब. आकांक्षाच्या आज्ञा पाळून कुणी भिंतीला धडकलं नाही. हे साहित्य रोज वापरूनही झिजत नव्हतं. पण त्याची पावती नसल्यानं ते अहवालात घेता आलं नाही.

तपासणीला साहेब आले. कपाट उघडताच त्यांना गहिवरून आलं. इतर शाळांत पोरांनी रोबोट चालवून चालवून पार जुने केले होते. इथं जपणूक शंभर टक्के, वापर शून्य. त्यांनी शाळा आदर्श ठरवली आणि बक्षीस म्हणून दुसरा रोबोट मंजूर केला.

आकांक्षा पुढं झाली. “साहेब, एक बार चालवून पाहू का?”

“काहून न्हाई,” हरीश सरच म्हणाले. “पुढच्या वर्षी बराबर पाहू.”

पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. करुणा मॅडमना फार वाईट वाटलं. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. नवीन कपाट मात्र आलं.

वाचकांना हसू आलं असेल, तर हसून घ्यावं. मग आपल्या घरातल्या काचेच्या कपाटापाशी जावं, पाहुण्यांसाठी ठेवलेला कपबशांचा सेट बघावा, आणि घरच्या लेकरानं त्यातून दूध मागितलं तेव्हा आपण काय म्हणालो होतो, ते आठवावं.