दोन विहिणी आणि मधली जागा

दोन्ही विहिणींना एकाच चतुर्थीला फराळाला बोलवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (बाकीचं माझ्या हातून आपोआप बिघडतं.) राहू गावच्या सोजराबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. न्हावऱ्याच्या धुरपदाबाई म्हणजे माझ्या सुनेच्या, मोनालीच्या आई. दोघी रांजणगावच्या गणपतीचं दर्शन घेऊन शिरूरला आमच्याकडं येणार होत्या. विहीण उपाशी उठली, तर टोमणे लेकीला ऐकावे लागतात. म्हणून जीव धास्तावला होता.

उपासाचे नियम घरोघरी वेगळे. सोजराबाईंना जिरं, भगर आणि कोथिंबीर चालत नाही. धुरपदाबाईंना साबुदाणा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर.

मोनाली घरी शिकवणी घेते. मुलांना ती संच शिकवत होती, ते मी भाजी निवडताना ऐकलं होतं. एकमेकांत शिरलेले दोन गोल काढायचे. दोन्हींत असेल ते मधल्या जागेत. तो छेद. मी फरशीवर रांगोळीनं गोल काढले, न चालणाऱ्या वस्तू मांडल्या. मध्ये आली फक्त कोथिंबिरीची काडी! मी हातच जोडले. एवढा मोठा पेच, आणि टाळायची काय, तर नुसती कोथिंबीर!

मग जिरं-मिरची सढळ हातानं घालून खिचडी, भगर, बटाट्याची भाजी केली.

"विहीणबाई, ह्यात जिरं हाय," सोजराबाई म्हणाल्या.

"आन् मिरची," धुरपदाबाईंनी ताट सरकवलं.

"पण कोथिंबीर न्हाई घातली!" मी अभिमानानं सांगितलं.

फरशीवरचे गोल पाहून मोनालीनं कपाळाला हात लावला. "आई, न चालणाऱ्याचा छेद काढलात व्हय? चालणाऱ्याचा काढायचा!"

तिनं गोल पुन्हा काढले. दोघी विहिणी पदर खोचून शेजारी बसल्या.

"शेंगदाणे?"

"चालत्यात."

"आमच्यात बी."

शेंगदाणे मध्ये आले. मागोमाग रताळी, गूळ, केळी, दूध. मुलांच्या लग्नांपासून एकमेकींशी तुटक बोलणाऱ्या त्या दोघींचे हात मधल्या जागेत एकमेकांना लागत होते.

उकडलेली रताळी आणि दाण्याचे लाडू दोघींनी पोटभर खाल्ले. (खिचडी आमच्या ह्यांनी संपवली. त्यांचा उपास नव्हता.)

मला राहवेना. विचारलं, "तुम्हा दोघींचं पटंल असं अजून काय हाय का हो?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"हाय की," सोजराबाई म्हणाल्या. "फुडल्या चतुर्थीला तुम्ही गॅसपाशी फिरकायचं न्हाई."

"बया! अगदी माझ्या मनातलं बोललात," धुरपदाबाई म्हणाल्या.

छेद किती अचूक निघतो, हे मला तेव्हा पटलं.